ठोकलेले आकाश, ताणलेला तंबू : बायबलातील विश्वरचना आणि कारागिराचा हात

पुण्याच्या तांबट आळीतून जो कोणी एकदा तरी पायी गेला असेल, त्याच्या कानात तांब्याच्या पत्र्यावर पडणाऱ्या हातोडीच्या ठोक्यांचा लयबद्ध नाद घर करून राहिलेला असतो. आणि जाड पत्रा त्या ठोक्यांखाली हळूहळू पातळ होत, पसरत, शेवटी हंड्याच्या पोटाचा बाक कसा घेतो हे ज्याने डोळ्यांनी पाहिले असेल, त्याला हिब्रू बायबलातील एक शब्द कोशाची पाने न उलटता अर्ध्याहून अधिक समजलेला असतो. तो शब्द म्हणजे 'राकिया'. उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायात, सृष्टीच्या दुसऱ्या दिवशी, देव ज्या वस्तूच्या योगाने वरचे पाणी आणि खालचे पाणी यांची विभागणी करतो तिचे हे नाव आहे. आणि ज्या क्रियापदाच्या कुळातून ते आले आहे त्याचा अर्थ ठोकणे, ठोकून पसरवणे असा आहे. निर्गमाच्या एकोणचाळिसाव्या अध्यायात याजकाचे एफोद हे वस्त्र तयार करताना सोन्याचे पत्रे ठोकून, त्यांच्या तारा कापून, त्या तारा निळ्या, जांभळ्या आणि किरमिजी सुतात विणल्या गेल्या असे सांगितले आहे. तेथेही क्रियापद हेच आहे. सोनाराचा पत्रा आणि विणकराचा धागा ज्या शब्दात एकत्र आले, त्याच शब्दाने आकाश घडलेले आहे.

या शब्दाचा पुढील प्रवासही ध्यानात घेण्याजोगा आहे. ख्रिस्तपूर्व काळातील ग्रीक तर्जुम्यात त्याला 'स्तेरेओमा', म्हणजे घट्ट व दृढ केलेली वस्तू, असा प्रतिशब्द मिळाला. जेरोमच्या लॅटिन बायबलात 'फिर्मामेंटुम' आला. मराठी बायबलात मात्र 'अंतराळ' हा शब्द रूढ झाल्यामुळे, ज्या ठिकाणी हिब्रू वाचकाला हातोडीचा ठोका ऐकू येऊ शकतो त्या ठिकाणी मराठी वाचकाला पोकळी दिसते. यात भाषांतरकारांची चूक झाली असे म्हणण्याचा हेतू नाही, कारण राकिया घन होता की केवळ विस्तार, हा बायबलाच्या अभ्यासातील एक जुना आणि अद्याप न मिटलेला वाद आहे.

प्रस्तुत आढाव्याचा विषय त्या वादाला लागून असला तरी त्याहून थोडा निराळा आहे. बायबलात वर्णिलेल्या विश्वावरील आपली श्रद्धा माणसांनी लाकूड, धातू, सूत, कातडे आणि काचेचे तुकडे यांतून कशी व्यक्त केली, त्या वस्तूंचा अर्थ लावणाऱ्यांचे कोणकोणते पक्ष आहेत, आणि कोणते प्रश्न अजून खुले आहेत, एवढे पाहावयाचे आहे. पृथ्वी गोल आहे की सपाट, हा प्रश्न येथे नाही. तो ज्ञानाच्या दृष्टीने केव्हाच सुटलेला आहे, आणि इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात एराटोस्थेनीसने तिच्या परिघाचा अदमासही केला होता.

मूळ ग्रंथातील विश्व

बायबलात विश्वाचे वर्णन एकाच ठिकाणी, एखाद्या शास्त्रग्रंथासारखे, आलेले नाही. ते स्तोत्रांत, भविष्यवाद्यांच्या उद्गारांत, ईयोबाच्या विलापात आणि जलप्रलयाच्या कथेत विखुरलेले आहे, आणि जेथे जेथे येते तेथे तेथे एखाद्या हुन्नराची भाषा घेऊन येते. ईयोबाच्या ग्रंथात आकाश ओतीव आरशासारखे कठीण आहे. त्या काळचे आरसे धातूचे असत हे लक्षात घेतले म्हणजे ही उपमा नेमकी कोणत्या कारखान्यातून उचललेली आहे ते कळते. यशयाच्या चाळिसाव्या अध्यायात आणि एकशे चाराव्या स्तोत्रात तेच आकाश तंबूच्या पडद्यासारखे ताणले आहे, आणि यशयाच्याच दुसऱ्या एका ठिकाणी ते गुंडाळीसारखे गुंडाळले जाणार आहे. पृथ्वीला खांब आहेत, आकाशाला खिडक्या आहेत, आणि प्रलयाच्या दिवशी त्या उघडतात. ईयोबाला वादळातून उत्तर देणारा देव एखाद्या गवंड्याप्रमाणे पृथ्वीवर मापाची दोरी कोणी ताणली, तिची कोनशिला कोणी बसवली असे विचारतो. आणि नीतिसूत्रांत तो जलाशयाच्या पृष्ठावर वर्तुळ आखतो.

या वर्णनांची मोट बांधून एकच नकाशा काढावयास बसले म्हणजे अडचणी सुरू होतात. यशयात पृथ्वीचे 'वर्तुळ' आहे. त्याच यशयात आणि पुढे प्रकटीकरणात पृथ्वीचे चार कोपरेही आहेत. एका ठिकाणी पृथ्वी खांबांवर उभी आहे, तर ईयोबाच्या सव्विसाव्या अध्यायात ती कशावरही टांगलेली नाही. कवीला या दोन्ही प्रतिमा एकाच वेळी बाळगता येतात, वाचकालाही येतात. सुताराला येत नाहीत. त्याला फळी कापण्यापूर्वी ती गोल की चौकोनी हे ठरवावेच लागते. या विषयाचा सगळा इतिहास, माझ्या मते, या एका अडचणीच्या भोवती फिरतो. ग्रंथाने जे मोकळे सोडले ते हाताला बंद करावे लागते, आणि ते बंद करताना कारागीर आपल्या काळाची, आपल्या गावाची आणि आपल्या मनाची मापे नकळत वापरतो.

आणखी एक ताण मूळ ग्रंथातच आहे. दहा आज्ञांपैकी ज्या आज्ञेने कोरीव मूर्ती निषिद्ध ठरवली, तिने वर आकाशात, खाली पृथ्वीवर आणि पृथ्वीखालच्या जलांत जे काही आहे त्याची प्रतिमा करू नये असे म्हटले आहे. तीन मजली विश्वाचा इतका आटोपशीर आराखडा बायबलात दुसरीकडे क्वचितच सापडेल, आणि तो ज्या वाक्यात आहे तेच वाक्य त्या विश्वातील वस्तूंच्या प्रतिमा घडवण्यास मनाई करते. यशयाच्या ज्या अध्यायात आकाशाचा तंबू ताणलेला आहे त्याच अध्यायात, अवघ्या काही ओळी आधी, मूर्तीवर सोन्याचा पत्रा मढवणाऱ्या सोनाराचा उपहास आहे. आणि पत्रा मढवण्याचे क्रियापद पुन्हा राकियाच्याच कुळातील आहे.

निवासमंडप, मंदिर आणि त्यांचे घडवणारे

असे असूनही बायबल कारागिरांविषयी परके नाही. अरण्यात निवासमंडप उभारण्याचे काम ज्याच्यावर सोपवले गेले तो बसालेल, 'देवाच्या आत्म्याने' परिपूर्ण होऊन सोने, रुपे, पितळ, रत्ने आणि लाकूड यांवर काम करण्यास समर्थ झाला असे निर्गमात सांगितले आहे. हाच शब्दप्रयोग उत्पत्तीच्या दुसऱ्या वचनात, जलांवर वावरणाऱ्या आत्म्याविषयी, आला आहे. पुढे निवासमंडप पुरा होतो तेव्हा काम संपल्याचे, ते पाहिल्याचे आणि आशीर्वाद दिल्याचे जे शब्द येतात ते सृष्टीच्या सातव्या दिवसाची स्पष्ट आठवण करून देतात. यहुदी परंपरेने हा धागा फार पूर्वी ओळखला होता. ज्या अक्षरांनी आकाश व पृथ्वी निर्माण झाली ती जोडण्याची विद्या बसालेलाला अवगत होती, असे तालमुदात म्हटले आहे. आधुनिक संशोधकांपैकी जॉन लेव्हेन्सन यांनी १९८८ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मंदिर हे लहान विश्व आणि विश्व हे मोठे मंदिर, अशी ही जोडी सविस्तर मांडली.

शलमोनाच्या मंदिरातील गंगाळसागर हे याचे सर्वांत ठसठशीत उदाहरण होय. सोराहून आलेल्या हिरामाने ओतलेले हे काशाचे पात्र दहा हात रुंद, पाच हात खोल असून बारा बैलांच्या पाठीवर, चारी दिशांना तीन तीन बैल तोंड करून, बसवलेले होते. मराठी भाषांतरकाराने त्याला दिलेले नाव मला फार समर्पक वाटते, कारण गंगाळ हे आपल्या घरातले पाणी साठवण्याचे भांडे, आणि सागर म्हणजे सृष्टीच्या आरंभीचे ते अथांग पाणी. ओतारी कामाने अथांगाला काठ मिळाला. पहिल्या शतकातील इतिहासकार योसेफस याने यरुशलेमच्या मंदिराच्या बाबिलोनी पडद्याचे वर्णन करताना त्यातील तलम सणाचे सूत पृथ्वीचे, जांभळे समुद्राचे, निळे वायूचे आणि किरमिजी अग्नीचे द्योतक असल्याचे सांगून, त्यावर आकाशाचा देखावा भरतकामाने काढलेला होता असे नोंदवले आहे. हा अर्थ विणणाऱ्यांच्या मनात होता की योसेफसच्या ग्रीक शिक्षणाने तो नंतर बसवला, हा प्रश्न मात्र अजून उभा आहे.

कल्याणची नोंद ठेवणारा व्यापारी

सहाव्या शतकात आलेक्सांद्रियातील एका व्यापाऱ्याने, ज्याला पुढील काळाने कॉस्मस इंडिकोप्लुस्तेस म्हणजे 'हिंदुस्थानचा दर्यावर्दी' असे नाव दिले, इसवी सन ५५० च्या सुमारास 'ख्रिस्ती भूवर्णन' नावाचा ग्रंथ लिहिला. मराठी वाचकाला त्याची ओळख एका निराळ्या कारणाने असावयास हवी. मिरी पिकणाऱ्या मलबाराबरोबरच 'कल्लियाना' येथे इराणातून नेमलेला बिशप आहे अशी नोंद त्याने केली, आणि त्या बंदरातून तांबे, शिसवी लाकूड आणि कापड निर्यात होते असेही लिहिले. हे कल्लियाना म्हणजे ठाण्याजवळचे आपले कल्याण, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पश्चिम किनाऱ्यावरील ख्रिस्ती समाजाविषयीच्या अगदी जुन्या नोंदींमध्ये हिची गणना होते.

ज्या माणसाने जिनसांची इतकी नेमकी मोजदाद ठेवली, त्याने विश्वाचीही तशीच मोजदाद केली. मोशेला सीनाय पर्वतावर दाखवलेला निवासमंडप हा साऱ्या विश्वाचा नमुना होय, असे त्याचे म्हणणे. म्हणून विश्व हे कमानदार झाकणाच्या लांबट पेटीसारखे, आणि पृथ्वी त्या मंडपातील समर्पित भाकरीच्या मेजासारखी, म्हणजे दोन हात लांब व एक हात रुंद या प्रमाणात लांबट चौकोनी. उत्तरेकडे एक उंच पर्वत असून रात्री सूर्य त्यामागे जातो. त्याच्या ग्रंथाच्या व्हॅटिकन, सीनाय आणि फ्लॉरेन्स येथील हस्तलिखितांत ही पेटी चितारलेली आहे. सुताराने केलेल्या मेजावरून पृथ्वीचे माप काढणे आज आपल्याला चमत्कारिक वाटेल, पण त्यामागे एक सुसंगत विश्वास होता: देवाने सांगितलेल्या मापाने माणसाच्या हातांनी केलेली वस्तू तत्त्ववेत्त्यांच्या अनुमानापेक्षा अधिक प्रमाण मानावी.

कॉस्मस आपल्या काळाचा प्रतिनिधी होता असे समजणे मात्र बरोबर होणार नाही. त्याच आलेक्सांद्रियात, त्याच सुमारास, जॉन फिलोपोनस हा ख्रिस्ती विद्वान गोल विश्वाचा पुरस्कार करून उत्पत्तीवर भाष्य लिहीत होता. नवव्या शतकात बायझंटाइन विद्वान फोटिअसने कॉस्मसच्या ग्रंथावर कडक अभिप्राय नोंदवला. आणि त्यापूर्वीच ऑगस्टिनने, आकाशाविषयी शहाण्या अश्रद्धांना ठाऊक असलेल्या गोष्टींत ख्रिस्ती माणसाने शास्त्राच्या नावाने भलतेच बोलू नये, असा इशारा दिला होता. इतके असूनही कॉस्मसची पेटी आठवणीत राहिली, कारण ती काढून दाखवता येत होती.

फरशी, कापड, कातडे आणि हस्तिदंत

मध्ययुगीन वस्तूंचा भाग सर्वांत समृद्ध आहे, म्हणून येथे थोडे रेंगाळले पाहिजे. रॅव्हेना येथील गाला प्लासिदियाच्या समाधीमंदिराच्या घुमटात पाचव्या शतकातील कुट्टिमकारांनी गडद निळ्या काचतुकड्यांवर सोनेरी ताऱ्यांची वर्तुळे बसवून मध्ये क्रूस ठेवला. खाली उभे राहणाऱ्याला आपण एका घट्ट, चमकणाऱ्या आकाशाच्या आत आहोत असे वाटते. सहाव्या शतकातील बेथ आल्फा येथील यहुदी सभास्थानाच्या फरशीवर सूर्याचा रथ, बारा राशी आणि चार ऋतू आहेत, आणि त्या काळी विरळाच आढळणारी गोष्ट अशी की मरियानोस आणि त्याचा मुलगा हनिना या कारागिरांनी त्यात आपली नावे बसवून ठेवली आहेत. प्रतिमांविषयी इतका कडक निषेध असलेल्या धर्माच्या प्रार्थनास्थळात सूर्यदेवासारखी आकृती कशी आली, यावर १९२९ सालच्या उत्खननापासून आजतागायत लेखन होत आहे.

स्पेनमधील जिरोना कॅथेड्रलात अकराव्या शतकाच्या अखेरीचे किंवा बाराव्याच्या आरंभाचे एक भव्य वस्त्र आहे. त्याला 'सृष्टीचा पडदा' म्हणत असले तरी ते विणलेले चित्रवस्त्र नसून लोकरी कापडावर लोकरीच्या धाग्यांनी केलेले भरतकाम आहे. मध्यभागी ख्रिस्त, त्याच्याभोवती वर्तुळाचे खंड, आणि त्या खंडांत जलांवरील आत्मा, प्रकाश व अंधाराचे दूत, जलांच्या मधोमध असलेले आकाशमंडल, पक्षी व मासे, प्राण्यांना नावे देणारा आदाम. कोपऱ्यांत चार वारे, आणि काठाने वर्षाचे महिने व त्यांतील कामे. ते वेदीवरचे छत होते, भिंतीवरचे वस्त्र होते की गालिचा, याविषयी मतभेद आहेत. माझ्या दृष्टीने त्याहून महत्त्वाचा प्रश्न हा की, ज्यांनी हे टाके घातले त्या हातांना मधल्या वर्तुळाचा धर्मशास्त्रीय अर्थ कोणी शिकवला, आणि काठावरील महिन्यांची कामे त्यांनी स्वतःच्या शेतावरून घेतली की एखाद्या हस्तलिखितातून. टाक्यांचा बारकावा दोन्हीकडे सारखाच आहे. पुरोहिताच्या वर्तुळात आणि शेतकऱ्याच्या काठात हाताने भेद केलेला नाही.

कातड्यावरील नकाशांचा मामला अधिक गुंतागुंतीचा आहे. सुमारे १३०० सालचा हेरफर्डचा जगन्नकाशा एका वासराच्या कातड्यावर, १.५९ मीटर उंच आणि १.३४ मीटर रुंद असा काढलेला असून यरुशलेम त्याच्या केंद्रस्थानी आहे. तीस बकऱ्यांची कातडी जोडून केलेला, सुमारे ३.६ मीटर लांबीरुंदीचा एब्स्टोर्फचा नकाशा तर ख्रिस्ताच्या देहासारखा होता. वर त्याचे मस्तक, बाजूंना हात, तळाशी पाय. १९४३ साली हॅनोव्हरवरील बॉम्बवर्षावात तो नष्ट झाला. वर्तुळाकार नकाशा म्हणजे सपाट पृथ्वीवरील विश्वास असा निष्कर्ष एकोणिसाव्या शतकात सर्रास काढला गेला. १९९१ साली जेफ्री बर्टन रसेल यांनी तो समज कसा तयार झाला हे दाखवून दिले, आणि मध्ययुगातील सुशिक्षित वर्ग पृथ्वीला गोलच मानत होता हे आता सामान्यतः स्वीकारले गेले आहे. तेव्हा हेरफर्डचे कातडे भूगोलाचे विधान करते की मोक्षाच्या इतिहासाचा पट उलगडते? बहुतेक अभ्यासक दुसऱ्या उत्तराकडे झुकतात, आणि पुराव्याचे वजनही त्याच बाजूला आहे.

आपल्या किनाऱ्याचा येथे एक खरा संबंध येतो. सतराव्या शतकात गोव्यातील हस्तिदंती कारागिरांनी 'उत्तम मेंढपाळा'च्या ज्या मूर्ती घडवल्या, त्यांत बाल ख्रिस्त एका थराथरांच्या डोंगरावर बसलेला असतो. डोंगराच्या कुशीतून जीवनाचा झरा वाहतो, पक्षी त्याचे पाणी पितात, पायथ्याच्या गुहेत मग्दालियाची मरिया पहुडलेली असते. काही अभ्यासकांना त्यात नंदनवनातील नद्यांचा डोंगर दिसतो, काहींना त्या ध्यानस्थ मुद्रेत आणि पर्वताच्या पायऱ्यांत हिंदुस्थानातील जुन्या विश्वपर्वताची छाया दिसते. १६१६ साली राशोल येथे छापल्या गेलेल्या थॉमस स्टीफन्सच्या मराठी 'क्रिस्तपुराणा'त सृष्टीची कथा ओवीत उतरली होती. त्याच मुलखात, त्याच शतकात, ती हस्तिदंतातही उतरत होती. या दोहोंच्या नात्याचा शोध मराठी संशोधकांनी घेण्याजोगा आहे.

नकाशा, गोधडी आणि सिंहासन

आधुनिक काळात या परंपरेला एक नवी शाखा फुटली. सॅम्युअल रोबॉथम याने १८४९ पासून इंग्लंडात, बायबलाचा हवाला देत, पृथ्वी ही उत्तर ध्रुव केंद्रस्थानी असलेली तबकडी असल्याचा प्रचार केला. अमेरिकेत अलेक्झांडर ग्लीसन याने १८९२ साली तशाच आकाराचा नकाशा काढला, आणि दक्षिण डकोटातील ऑर्लँडो फर्ग्युसन याने १८९३ साली 'चौकोनी व स्थिर पृथ्वी'चा नकाशा छापून तिच्या चार कोपऱ्यांवर चार देवदूत उभे केले. चार कोपरे व वर्तुळ यांचा मेळ घालण्याची ही धडपड कॉस्मसच्या पेटीची सख्खी नातेवाईक आहे. १९५६ साली डोव्हर येथे सपाट पृथ्वीच्या संशोधनाची आंतरराष्ट्रीय संस्था काढणारा सॅम्युअल शेंटन पेशाने पाट्या रंगवणारा होता. गेल्या दहा-बारा वर्षांत या मताला पुन्हा अनुयायी मिळाल्यावर, लाकडी तबकडीवर काचेचा किंवा प्लॅस्टिकचा घुमट बसवलेल्या, आत सूर्यचंद्र फिरणाऱ्या हातघडणीच्या प्रतिकृती, भिंतीवरची घड्याळे आणि दागिने यांचीही निर्मिती सुरू झाली. या प्रतिकृतींतील उत्तर ध्रुवाचे केंद्र आणि काठाची हिमभिंत बायबलात कोठेही नाहीत. ते घटक ज्या नकाशातून आले, तो नकाशा मुळात गोल पृथ्वी कागदावर उतरवण्याची एक सर्वमान्य रीत आहे, आणि संयुक्त राष्ट्रसंघाच्या बोधचिन्हातही तीच आहे.

याच कालखंडात, पण या चळवळीपासून सर्वस्वी दूर, दोन अमेरिकन कृष्णवर्णीय कारागिरांनी जे केले ते माझ्या मते या विषयाचे शिखर आहे. जॉर्जियातील अथेन्स येथे राहणारी हॅरिएट पॉवर्स १८३७ साली गुलामगिरीत जन्मली. १८८६ च्या कापूस प्रदर्शनात तिने मांडलेली, बायबलातील प्रसंगांची अकरा चौकटींची गोधडी जेनी स्मिथ या चित्रकलेच्या शिक्षिकेने पाहिली व मागितली. तेव्हा पॉवर्सने दिली नाही, पण पुढे अडचणीच्या दिवसांत, १८९१ साली, दहा डॉलर मागून पाच डॉलरांना ती विकली, आणि नंतर त्या गोधडीला भेटायलाही गेली. तिची दुसरी, पंधरा चौकटींची गोधडी आता बोस्टनच्या ललितकला संग्रहालयात आहे. तीत ईयोब, योना आणि मोशेचा सर्प यांच्याबरोबरच १७८० च्या १९ मे चा न्यू इंग्लंडातील काळोखा दिवस, आणि १८३३ च्या १३ नोव्हेंबरची ताऱ्यांच्या वर्षावाची रात्र आहे. कापडाचे तुकडे कापून कापडावर शिवणे, एवढ्याच तंत्राने तिने ते आकाश उभे केले आहे. वणव्यांच्या धुराने झाकलेला दिवस आणि सिंह राशीतून कोसळणारा उल्कावर्षाव तिच्या दृष्टीने बायबलातील त्याच आकाशाच्या हालचाली होत्या. लोक जगाचा अंत आला म्हणून घाबरले, आणि देवाच्या हाताने तारे थोपवले, अशा आशयाचे तिचे विवेचन त्या चौकटीबरोबर नोंदलेले आहे.

जेम्स हॅम्प्टन हा वॉशिंग्टनमधील सरकारी इमारतींत रात्रपाळीचा झाडूवाला होता. भाड्याने घेतलेल्या एका गॅरेजमध्ये, १९५० च्या सुमारापासून १९६४ साली मृत्यू येईपर्यंत, त्याने जुने फर्निचर, पुठ्ठे आणि बल्ब यांवर चंदेरी व सोनेरी वर्ख चढवून सुमारे एकशे ऐंशी वस्तूंचे एक सिंहासन उभारले. एका बाजूस जुना करार, दुसऱ्या बाजूस नवा. त्याच्या लांबलचक नावात 'तिसरा स्वर्ग' आहे, आणि तो पौलाच्या करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रातून आलेला आहे. आज ते स्मिथसोनियन संस्थेच्या कलासंग्रहालयात आहे. टाकाऊ वस्तूंवर वर्खाचा पातळ पत्रा मढवताना त्याच्या मनात राकिया हा शब्द असण्याचा संभव नाही; तरीही हाताची कृती त्याच शब्दाची होती.

पक्ष

या सगळ्या वस्तूंकडे पाहणारे ढोबळमानाने चार पक्ष संभवतात. पहिला वाच्यार्थवाद्यांचा: ग्रंथ म्हणतो तसे विश्व आहे, आणि कारागिराची प्रतिकृती ही त्या विश्वाची साक्ष आहे. यांच्यातही एकवाक्यता नाही. केंटकीत २०१६ साली उघडलेले, ५१० फूट लांबीचे नोहाचे लाकडी तारू ज्या संस्थेने उभारले ती उत्पत्ती अक्षरशः मानते, पण सपाट पृथ्वीचे मत जाहीरपणे नाकारते. तिच्या मते राकिया म्हणजे विस्तार. आणि यशयात पृथ्वी 'पसरवण्या'साठीही हेच क्रियापद येते, हा या बाजूचा ठोस मुद्दा आहे.

दुसरा पक्ष प्राचीन संदर्भाच्या अभ्यासकांचा. १९९० च्या सुमारास पॉल सीली यांनी, प्राचीन जगातील जवळपास सर्व समाजांना आकाश घन वाटत होते आणि हिब्रू लेखकांना तसे वाटले नसेल असे मानण्यास आधार नाही, असे प्रतिपादन केले. जॉन वॉल्टन यांनी २००९ साली, उत्पत्तीचा पहिला अध्याय वस्तू कशाच्या बनल्या हे न सांगता त्यांची कार्ये नेमून देतो, असा वेगळा मार्ग काढला. पक्ष एकच असला तरी त्यांचे निष्कर्ष कारागिराला निरनिराळे ठरतात: सीलींचे वाचन खरे मानले तर जिरोनाचे वर्तुळ प्राचीन समजुतीचे अवशेष होय, वॉल्टन यांचे मानले तर ते पूजेसाठी मांडलेले मंदिर होय.

तिसरा पक्ष समायोजनाचा, आणि तो जुना आहे. सोळाव्या शतकात काल्व्हिनने उत्पत्तीवरील भाष्यात, ज्याला खगोलशास्त्र शिकावयाचे असेल त्याने दुसरीकडे जावे, मोशे सामान्य माणसाच्या डोळ्यांना दिसते ते सांगतो, असे म्हटले. या दृष्टीने कारागिराची वस्तू ही डोळ्यांना दिसणाऱ्या आकाशाशी प्रामाणिक असते, आणि तेवढेच पुरे.

चौथा पक्ष धर्माच्या भौतिक संस्कृतीच्या अभ्यासकांचा. कॉलीन मॅक्डॅनेल यांच्या १९९५ सालच्या ग्रंथानंतर विशेष जोर धरलेल्या या विचारानुसार, श्रद्धा आधी डोक्यात पुरी होऊन मग वस्तूत उतरते, हे गृहीतकच तपासले पाहिजे. पुष्कळदा ती वस्तू घडवतानाच घडते. मला हा पक्ष सर्वांत फलदायी वाटतो, तथापि त्याच्यातही एक धोका आहे. कारागिराच्या परिस्थितीचे वर्णन इतके विस्तृत होते की त्याने ज्या आकाशावर विश्वास ठेवला त्या आकाशाविषयी काही बोलणेच मागे पडते.

न सुटलेले

पहिला प्रश्न शब्दाचा, आणि तो बहुधा उत्खननाने सुटणार नाही. मूळ श्रोत्याने राकिया ऐकताना तांबटाचा पत्रा डोळ्यांपुढे आणला की नाही, हे ठरवण्याइतका पुरावा भाषेत मिळत नाही. दुसरा प्रश्न मालकीचा. बेथ आल्फाच्या बापलेकांनी नावे लिहिली, जिरोनाच्या भरतकाम करणाऱ्यांनी लिहिली नाहीत. वस्तूतील श्रद्धा आश्रयदात्याची मानावी की हाताची, याचा एकच नियम करता येत नाही. तिसरा प्रश्न आजच्या घुमटाखालच्या तबकड्यांचा: त्या उपासनेतून येतात की विद्वत्तेवरील अविश्वासातून, आणि या दोन प्रेरणा एकाच हातात मिसळल्या असतील तर त्या वेगळ्या कशा ओळखाव्यात.

आणि हॅरिएट पॉवर्सविषयीचा वाद तर अजून तापलेला आहे. तिच्या कापडी आकृत्यांत पश्चिम आफ्रिकेतील डाहोमीच्या कापडकामाचे संस्कार आहेत असे काहींनी दाखवले, काहींनी ते संबंध फार ताणलेले मानले. ती निरक्षर होती हा समज पुष्कळ वर्षे चालला. पुढे कायरा हिक्स यांनी २००९ साली उजेडात आणलेल्या तिच्या १८९६ च्या पत्रावरून ती वाचावयास शिकली होती आणि तिने आणखीही गोधड्या केल्या होत्या असे दिसून आले. त्यामुळे तिचे बायबल केवळ कानांनी ऐकलेले होते, हे पूर्वीचे विधान आता तसेच ठेवता येत नाही. उल्कावर्षावाच्या त्या रात्री तिचा जन्म व्हावयास चार वर्षे होती. वडीलधाऱ्यांच्या तोंडी राहिलेली ती भीती, छापील ग्रंथात वाचलेले कोसळणारे तारे, आणि हातातील कात्री, यांपैकी कशाने ती चौकट प्रथम आखली, याचा शोध घेणारे आता तिच्या टाक्यांची दिशा आणि कापडाच्या तुकड्यांचे मूळ तपासू लागले आहेत.